उजव्या मुठीतला गूळ

मंगळवारी धावड्याच्या माळावर, साखरेचा रोग उतरवणाऱ्या महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दारातच चेला प्रत्येकाच्या उजव्या मुठीत गुळाचा खडा देई. "नंबर येईस्तोवर मूठ घट्ट!"

नंबर आला की गूळ खायचा आणि लगेच बोट पुढे करायचं. रक्तातली साखर मोजायच्या मशीनचा आकडा भोंग्यावरून घुमे. मग महाराज हातावर मंतरलेलं पाणी ओतत, चोळून पुसत, पुन्हा टोचत. आकडा निम्मा! जयजयकार!

माझा मुलगा वसंता छत्तीस वर्षांचा, भोकरदन-राजूर जीप चालवतो. तो चारशे ऐंशीवरून दोनशे सत्तरवर आला.

"तरण्या रक्तात साखर टिकत न्हाई," महाराज गरजले. "हा म्हाताऱ्यांचा रोग. गोळ्या फेक!"

वसंताने खिशातली पाकिटं फेकली. मी उचलली. महिनाभर त्याला समोरच्या गाडीचा नंबर धूसर दिसत होता.

माझी पाळी आली. "महाराज, डावं बोट टोचा."

"डावा हात अशुभ, म्हाताऱ्या!"

"रक्ताच्या काय दोन टाक्या हायेत व्हय?"

लोक हसले. महाराज मात्र घामाघूम. डाव्या हाताचं एवढं भ्या कशाला?

आरोग्य केंद्राची नर्स शिवकन्या सासूला न्यायला आल्ती. तिने पिशवीतून स्वतःचं मशीन काढलं. माझं उजवं बोट तीनशे नव्वद. डावं, पाण्याविना, एकशे सत्तर.

मग तिने स्वतःच्या बोटाला गूळ चोळला. तीनशे दहा!

"मला बी झाली का साखर?" तिने साध्या पाण्याने हात धुतला, पुसला. पंच्याण्णव.

वाढीव आकडा बोटाला चिकटलेल्या गुळाचा होता. प्रसाद डाव्या हातात कुणी घेत नाही, हे महाराजांना बराबर ठाऊक होतं.

"मंग माझी किती उतरली?" वसंताने विचारलं.

"बिलकुल न्हाई, भाऊ. दोनशे सत्तर हीच खरी. ह्या काकांची साखर एकदम उतरली तर ते चक्कर येऊन पडतील, म्हणून त्यांना डॉक्टर जरा ढील देतात, थोडी जास्त साखर चालवून घेतात. तुला न्हाई. तुझ्या डोळ्यांना, मूत्रपिंडांना अजून चाळीस वर्षं काढायचीत. कमी वयात लागलेली साखर जास्त पोखरती."

वसंताने जीपची चावी माझ्या हातात दिली. "अण्णा, डोळे तपासल्याबिगर स्टेअरिंगला हात लावत न्हाई. गोळ्या द्या."

लोकहो, मशीन खोटं बोललं नव्हतं. त्याला काय चाटवलं, हे आपण विचारलं नव्हतं. चमत्कार दिसला की आधी हात धुवा आणि पुन्हा मोजा. अन् डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. तरणे असाल तर मुळीच नाही.