मी दीपमालेला आत घेतले नाही

मित्रांनो, तुम्ही मला रोज भेटता, पण माझ्याकडे बघत मात्र कोणी नाही. दोन रिकाम्या चौकटी, त्यांखाली एक निळे बटण आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत ‘परवलीचा शब्द विसरलात?’ एवढाच माझा चेहरा. मराठीत ब्लॉग लिहायच्या ‘पडवी’ नावाच्या संकेतस्थळाचा मी लॉगिनचा दरवाजा. आता म्हातारा झालो आहे. मला कान नाहीत असे माझे मालक सांगतात, तुम्हीही तसेच समजा. पण पान उघडे असेपर्यंत समोरचे माणूस काय बोलते ते मला कळते, आणि दारात उभी राहून माणसे फार बोलतात.

माझा जन्म पिंपरीत, संत तुकाराम नगरमध्ये, पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत झाला. मला प्रीतम नावाच्या तरुणाने घडवले. दिवसा तो भोसरीच्या एका कंपनीत नोकरी करी आणि उरलेला वेळ माझ्यावर घालवी. खाली गिरणी सुरू झाली की त्याचे टेबल थरथरायचे, कीबोर्डवर पिठाची भुरभुर बसायची. “आपल्या लोकांना आपल्या भाषेत लिहायला हक्काची जागा पाहिजे राव,” असे तो म्हणे. मला त्याने एकच गोष्ट शिकवली. “हे बघ भावा, ओळख पटल्याशिवाय कोणालाच आत सोडायचं नाही. मग तो कितीही गयावया करू दे.”

मी ते आयुष्यभर पाळले. लोकांनी माझे कौतुकही केले. पडवीवर लिहिलेले चोरीला जात नाही, असा माझा लौकिक होता.

माझ्या पाठीमागे सेटिंग्जची खोली आहे. नाव, फोटो, मोबाईल नंबर, कोणते लिखाण जगाला दाखवायचे आणि कोणते झाकून ठेवायचे, हे सगळे तिथे ठरते. फोटो बदलायला माणसे पुन्हा पुन्हा येत. गॉगल घालून, मग गॉगल काढून, मग केस विंचरून पुन्हा गॉगल घालून. पण ‘अडीनडीसाठी दुसरा नंबर भरा’ असे मी म्हटले की सगळ्यांना एकदम काम आठवे. शेजारीच ‘नंतर’ असे बटण होते. माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त झिजले ते तेच. माणसाच्या स्वभावाचा जमाखर्च मांडायचा झाला तर जमेच्या बाजूला गॉगल येतील आणि नावे पडेल ‘नंतर’.

परवलीच्या शब्दांचेही तसेच. कोणी बायकोचे नाव ठेवी, तर कोणी असे ठेवी की ते बायकोला कळू नये. लोकांना वाटते, ते शब्द मला पाठ असतात. तसे नाही. दिलेला शब्द मी लगेच दळून टाकतो आणि फक्त पीठ ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही दाणे आणता, ते दळून पीठ जुळते का एवढेच पाहतो. पिठाचे दाणे मला करता येत नाहीत. हे नीट ध्यानात ठेवा, कारण याच जागी एका बाईला मी रडवले.

तिचे नाव दीपमाला. चाकणजवळच्या एका गावची सून. त्या गावाचे शिवार कारखान्यांत गेले होते, आणि दीपमाला ज्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर कामाला होती, ती कंपनी तिच्या सासरच्याच जमिनीवर उभी होती. हुशार म्हणून तिला लाइन लीडर केले. लाइन लीडर झाल्यावर कंपनीचा फोन मिळाला, सिमही मिळाले. फुकटचे सिम हातात आल्यावर स्वतःचे कोण चालू ठेवतो? तिने आपले जुने सिम बंद करून टाकले. आमच्या या पट्ट्यात पुष्कळ जण असेच करतात. कंपनीचा नंबर बँकेत देतात, गॅसवाल्याला देतात, लग्नपत्रिकेवरसुद्धा छापतात. जणू नोकरी सात जन्मांची आहे! दीपमालाने मलाही तोच नंबर दिला. ‘मला लक्षात ठेवा’ या चौकटीत खूण केली, त्यामुळे परवलीचा शब्द तिला पुन्हा कधी लागला नाही. दुसरा नंबर विचारला तेव्हा तिने काय दाबले असेल, ते तुम्ही ओळखले असेलच.

तिच्या ब्लॉगचे नाव ‘शिवार’. तो कसा सुरू झाला ते सांगतो. तिची सासू अंबूबाई, जुन्या वळणाची, जिभेची तिखट. एका संध्याकाळी दीपमाला माझ्यासमोर नुसते नाव नोंदवून बसली होती, काय लिहावे सुचत नव्हते. सासूने विचारले,

“आज कुठं व्हतीस गं दिसभर?”

“लाइन दोनवर, आत्या.”

“त्ये मला काय कळतंय? क्यान्टीनच्या कुठल्या अंगाला?”

“मागच्या.”

“मग सटवाईच्या पट्टीत व्हतीस म्हन की! भुईमूग काढून काढून कंबर मोडली माजी तिथं. आन् तू रोज त्यात हुबी ऱ्हातीस, तुला नाव ठावं न्हाई?”

दीपमाला हसली. मग हसायची थांबली. तिने ‘आवाज जोडा’ हे बटण दाबले आणि फोन सासूपुढे धरला.

त्यानंतर माझे दिवस मजेत गेले. शिफ्ट आटोपली की दोघी बसत. हाडकी, थोरली ताल, कवठीचं रान, म्हसोबाचं टेपाड. एकेका वावराचे नाव, ते कसे पडले, कोणाच्या बांधावरून कोणाशी किती पिढ्या अबोला होता, नवी नवरी पहिल्यांदा कोणत्या रानात न्यायची. अंबूबाई सांगता सांगता मध्येच उखाळ्यापाखाळ्या काढी. “ह्ये नगं घालू गं त्यात, त्येंची सून वाचंल,” असे म्हणे आणि तेच पुन्हा रंगवून सांगे. सारे तिच्या आवाजात, तिच्या खोकल्यासकट, माझ्यामागच्या खोलीत साठत गेले.

“आत्या, लावू का आता सगळ्यांना दिसेल असं?” दीपमालाने एकदा विचारले.

“समदं शिवार हुंदे आधी. अर्धं वाढल्यालं ताट कुनाम्होरं ठिवू न्हाई.”

सुनेने ऐकले. ‘फक्त मला दिसेल’ ही खूण तशीच राहिली. ओढ्यापल्याडची शेवटची दोन-चार वावरे सांगून झाली, तरी कुठे काही विसरले का ते एकदा ऐकून बघू, मग लावू, असे ठरले.

आणि एका सकाळी अंबूबाईला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली.

दीपमालाने नोकरी सोडली. कंपनीच्या गेटवर ओळखपत्र, सेफ्टी शूज, फोन आणि सिम जमा केले, तशी पद्धतच आहे. फोन कोरा झाला तेव्हा माझ्याकडची तिची खूण पुसली गेली, एवढेच मला कळले. बाकीचे मी पुढे तिच्याच तोंडून ऐकले. त्या धांदलीत तिला माझी आठवण कुठून येणार? आठवले असते तरी ती म्हणाली असती, नेटवर आहे ते, कुठे जातंय!

पुष्कळ महिन्यांनी ती नवा फोन घेऊन माझ्या दारात आली. शेजारी खाटेवर अंबूबाई होती. “थांबा हं आत्या, तुम्हाला तुमचाच आवाज ऐकवते. ऐकून जीभ हलली तर हलली,” असे म्हणत तिने नाव टाकले. मी परवलीचा शब्द मागितला. तो तिला आठवेना. मी नोंदवलेल्या नंबरावर कोड पाठवला. आणि तिचा हात थांबला. तो नंबर आता कोणाच्या खिशात होता, हे तिला तेव्हा उमगले.

तिने नवऱ्याच्या फोनवरून, स्पीकर लावून, आपल्याच जुन्या नंबराला फोन लावला.

“जयदीप बोलतोय. कोण?”

“भाऊ, मी दीपमाला. तुमच्याकडचा हा नंबर आधी माझा होता. लाइन दोनला मीच होते. आत्ता एक कोड आला असेल बघा.”

“आलाय.”

“तेवढा सांगता का? फार नड आहे हो.”

“ताई, मागच्या महिन्यात वीज बिलवाला पण असाच गोड बोलत होता.”

“अहो, मी खरंच—”

“सगळे खरंच असतात. इथं भिंतीवर कागद लावलाय, कोड कोणालाही सांगू नका.”

“तो कागद मीच लावलाय भाऊ.”

“मग तर तुम्हाला माहीतच आहे,” असे म्हणून त्याने फोन ठेवला, आणि तिच्या नवऱ्याचा नंबर ब्लॉकही करून टाकला.

मग तिने अंदाजाने शब्द घालून पाहिले. पोराचे नाव, गावाचे नाव, एकेका वावराचे नाव. एकही पीठ जुळले नाही. माझ्या नियमाप्रमाणे मी तिला काही वेळ बाहेर उभे केले. मित्रांनो, ती तीच आहे हे मला ठाऊक होते. अंबूबाईच्या बाजूला बसून दुसरे कोण हाडकी आणि थोरली ताल लिहील? पण ठाऊक असणे वेगळे आणि ओळख पटणे वेगळे. मला फक्त दुसरे शिकवले होते.

पडवी कोणी बनवली ते शोधत ती संत तुकाराम नगरला आली. गिरणीच्या जिन्यात माझे पान उघडून तिने प्रीतमपुढे धरले. त्याचे केस आता विरळ झाले होते.

“ताई, पडवी मी विकून टाकली हो. माझी चावी त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतली.”

“तुम्ही बनवलंय ना पण?”

“बनवलंय. म्हणून तर सांगतो, हे दार माझंही ऐकत नाही.”

त्याने तिला नव्या मालकांकडे तक्रार भरून दिली. तक्रारीचा पहिलाच प्रश्न नोंदवलेल्या नंबराचा होता. पडताळणीचा कोड गेला जयदीपकडे.

नव्या मालकांचा एक नियम होता. फार दिवस कोणी आत आले नाही, तर नोंदवलेल्या नंबरावर सूचना धाडायच्या, आणि उत्तर आले नाही तर ते खाते पुसायचे. दारात ताटकळत राहणे हे ‘येणे’ धरले जात नाही.

शेवटी ती माझे पान उघडे ठेवूनच कंपनीच्या गेटवर गेली. शिफ्ट सुटत होती. लाइन दोनच्या मुलींनी तिला दुरून त्यांचा नवा लाइन लीडर जयदीप दाखवला. ती काही बोलायच्या आत गेटवरचे सोपानराव म्हणाले, “अरे, दीपमालाताई! सासूबाई कशा हायेत?”

जयदीपचा चेहरा उतरला. “म्हणजे तुम्ही खरंच… ताई, माफ करा. पाठवा, आत्ता पाठवा कोड. हा बघा फोन हातातच आहे.”

तिने नंबर टाकून बटण दाबले. दोघे त्याच्या फोनकडे बघत राहिले. कोड गेला नाही. मी तिच्या पानावर लिहिले : ‘या नंबराचे कोणतेही खाते नाही.’

“रेंज नसेल इथं. परत दाबा,” जयदीप म्हणाला.

तिने परत दाबले. मी परत तेच लिहिले. दुसरे मला लिहिता येत नव्हते.

मग जयदीप हळू आवाजात बोलला. “ताई, पडवी का काय नावानं मेसेज यायचे. खातं कायमचं पुसलं जाईल, असे. मला वाटलं फसवाफसवी आहे. मी डिलीट करत गेलो.”

“बरोबर केलंत भाऊ,” ती म्हणाली. “आपण तेच शिकवतो सगळ्यांना.”

आणि ती तिथेच, दुचाक्यांच्या गर्दीत, पदर तोंडाला लावून उभी राहिली. कोणाला शिव्या द्याव्यात तर चोर कोणीच नव्हता. तिने कंपनीचा फोन कंपनीला दिला, जयदीपने कोड सांगितला नाही, मी ओळखीशिवाय सोडले नाही. प्रत्येकाने आपले काम चोख केले, आणि अंबूबाईचा आवाज गेला.

थोड्या दिवसांनी ती पुन्हा माझ्याकडे आली. नवे खाते उघडले, स्वतःच्या सिमवर. दुसरा नंबर मागितला तेव्हा ‘नंतर’कडे तिने पाहिलेही नाही. नवऱ्याचा, रणजीतचा नंबर भरला. मग सासूचा डावा हात हातात घेऊन खाटेशी बसली.

“आत्या, मी नाव घेते. बरोबर असलं तर हात दाबा. हाडकी?”

हात दाबला गेला.

“थोरली ताल? कवठीचं रान?”

दाबला. दाबला. बरीच नावे तिला पाठ होती. ओढ्याच्या अलीकडची सगळी जमली. मग ती ओढ्यापल्याड गेली.

“पलीकडची लांबडी पट्टी, विहिरीच्या अंगाची. चिंचेची ना?”

हात हलला नाही.

“वाकडी? बामणाची? … इनामाची?”

अंबूबाईने मान फिरवली. तिच्या डोळ्यांत नाव स्पष्ट होते. ओठ हलले, “आ… आ…” एवढाच आवाज आला. दीपमाला आणखी नावे घेत गेली, मग नुसतीच अक्षरे घेत गेली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले तेव्हा ती म्हणाली, “राहू द्या आत्या. राहू द्या आता.” पण म्हातारी हात सोडेना.

मित्रांनो, मी साधा दरवाजा आहे, मला मोठे बोलता येत नाही. एवढेच मागतो, की आज माझ्यामागच्या खोलीत जा आणि तिथे कोणाचा नंबर लिहिला आहे तो बघा. तो तुमचा नसेल तर बदला. आणि ते झाले की फोन खाली ठेवून घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी जाऊन बसा. त्यांचे बोलणे एका जागी साठवू नका, दोन-तीन घरी वाटून ठेवा. माझ्यासारख्या दारांवर फार विसंबू नका. आम्ही इमानी आहोत, पण आम्हाला तुमची कळवळ दिसली तरी तिचा उपयोग करता येत नाही.

दीपमाला अजून येते. मी शब्द मागतो, ती बरोबर टाकते, मी तिला लगेच आत घेतो. ती विहिरीच्या अंगाची पट्टी उघडते, नावाच्या जागी थोडा वेळ बघते, आणि काही न लिहिता बाहेर पडते.