अंबुजाच्या हनुवटीवरची पेन्सिल

मित्रांनो, मी कुंभकोणममधल्या एका फोटो स्टुडिओतला जुना लाकडी कॅमेरा आहे. आता माळ्यावर पडून आहे, भात्याला भोकं पडली आहेत. पण खोटं बोलायची सवय मला कधीच नव्हती. ती माझ्या मालकाला होती, आणि तीही मायेपोटी.

मालकाचं नाव विजयराघव. घरात तंजावरी वळणाची जुनी मराठी, गिऱ्हाइकांशी तमिळ. दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, तो मला गंधकुंकू लावायचा आणि विजयादशमीला पहिला फोटो लग्न झालेल्या धाकट्या बहिणीचा, अंबुजाचा काढायचा, पांढऱ्या पडद्यापुढे.

१९८४ नंतर तिचा चेहरा बदलू लागला. नाक रुंद झालं, हनुवटी वाढली. मी पाहिलं तसं टिपलं. निगेटिव्हवर जे काळं, ते फोटोत पांढरं; म्हणून विजयराघव निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून नाकाच्या बाजूच्या सावल्या उजळायचा आणि हनुवटीची वाढलेली कड पडद्याच्या पांढऱ्यात मिसळून टाकायचा. बहिणीला कुणी नावं ठेवू नयेत, एवढाच हेतू. त्याच्या हाताचं गावभर कौतुक होतं. मलाही अभिमान वाटायचा.

एकोणनव्वद साली अंबुजाचं डोकं सारखं दुखू लागलं. पाळी थांबली, मूल नसताना दूध येऊ लागलं. डॉक्टर सुब्रह्मण्यांनी तपासण्या मद्रासला करवल्या. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिथे दूध आणणारी गाठ निघाली. तिचे जाड हात पाहून ही गाठ हाडंही वाढवत असावी अशी त्यांना शंका आली, म्हणून चेहरा बदललाय का ते पाहायला त्यांनी जुने फोटो मागवले. पाच वर्षांचे पाच फोटो, पाचही चेहरे सारखेच. फोटोत ती जरा देखणी दिसते, पण चेहरा मुळातच असा असावा, असं त्यांना वाटलं. पेन्सिलीचं सांगायला विजयराघवाची जीभ रेटली नाही. डॉक्टरांनी दुधापुरत्या गोळ्या दिल्या. दूध थांबलं आणि सगळे निर्धास्त झाले.

१९९० च्या विजयादशमीला खुर्चीवर बसताना तिच्या हाताने शेजारचं कुंकवाचं तबक उडालं. तिला ते दिसलंच नव्हतं. गाठीने डोळ्यांच्या नसा दाबून दोन्ही कडांची नजर गेली होती. विजयराघवाने साऱ्या निगेटिव्ह काढल्या, स्पिरिटच्या बोळ्याने पेन्सिल पुसली आणि नव्या प्रती घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी त्या वर्षांच्या ओळीने लावल्या आणि लगेच शस्त्रक्रियेसाठी चिठ्ठी लिहिली.

मद्रासला नाकातून शस्त्रक्रिया झाली. गाठीत दोन जातींच्या पेशी मिसळलेल्या निघाल्या, दूध आणणाऱ्या आणि हाडं वाढवणाऱ्या. गोळ्यांनी पहिल्या दबल्या होत्या, दुसऱ्या वाढत राहिल्या होत्या. अंबुजाचा जीव वाचला. गेलेली नजर परत आली नाही.

पुढच्या वर्षी ती माझ्यापुढे बसली. विजयराघव पदर नीट करायला तिच्या शेजारी उभा राहिला.

"अण्णा, कोठें आहेस?" तिने विचारलं.

तो समोर आला. "मी तुज चांगलं दाखवूं गेलों, अंबुजे," एवढंच म्हणाला.

"यंदा पेन्सिल लावूं नको."

त्या निगेटिव्हवर एकही रेघ नाही. पुढे रंगीत फोटो आले, मला कुंकू लावणारं कुणी उरलं नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की इतकी वर्षं मला सगळं दिसत होतं. मित्रांनो, आपलं माणूस बदलताना दिसलं तर ते झाकू नका. त्याला सांगा, डॉक्टरांना सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.