एकोणपन्नासावी ड्युटी

“फुलस्टॉप रह गया, आई,” भावना म्हणाली.

सुभद्राबाईंनी चष्मा वर सरकवला आणि संगणकावरच्या ओळीच्या शेवटी टिंब दिलं. लखनौच्या एका सरकारी इस्पितळात त्या वॉर्ड इन्चार्ज होत्या आणि वीस वर्षं सिस्टरांचा ड्युटी चार्ट हातानं आखत होत्या. दर आठवड्याला पेन्सिल, खोडरबर आणि डोकेदुखी ठरलेली. विद्यापीठात शिकणाऱ्या लेकीनं 'आन्सर सेट प्रोग्रामिंग'चं, म्हणजे संगणकाला नुसते नियम देऊन उत्तर शोधायला लावण्याच्या पद्धतीचं नाव काढलं, तेव्हा वर्ध्याच्या या बाईनं पदर खोचला. “मलाच शिकव. तू करून देऊ नकोस.”

पहिल्यांदा त्यांना पटेचना. “चार्ट कसा भरायचा ते सांगायचंच नाही?”

“नहीं. क्या है और क्या नहीं चलेगा, बस इतना बताओ. चार्ट कंप्यूटर ढूँढेगा.”

हे मात्र त्यांना आवडलं. दोन टिंबं, एक आडवी रेघ आणि पुढे नको असलेली गोष्ट. रात्रपाळीनंतर लगेच सकाळपाळी नको. एका दिवशी दोन पाळ्या नकोत. कुणाही सिस्टरला आठवडाभर सुट्टीशिवाय काम नको. दिवसाला सात जणी हव्यात, वॉर्डात त्यांच्यासह आठ होत्या. तीन आठवड्यांत बाई नियम स्वतः लिहू लागल्या, आणि एका दुपारी पडद्यावर अख्खा चार्ट उमटला. त्या टाळी वाजवून हसल्या.

भावना मात्र पडद्याकडे बघत राहिली. “आई, आप तो सातों दिन हो.”

“इन्चार्जला सुट्टीचा नियम कुठे घातलाय मी?”

“तो डालो.”

त्यांनी घातला. उत्तर आलं: असा चार्ट असूच शकत नाही.

काहीतरी चुकलं असणार, म्हणून त्यांनी एकेक नियम काढून पाहिला. रात्रपाळीचा काढला, तरी तेच. आपल्या सुट्टीचा नियम काढला, की चार्ट लगेच हजर. मग त्या कागद घेऊन बसल्या. आठवड्याच्या ड्युट्या एकोणपन्नास. आठ जणी, प्रत्येकी सहा दिवस, म्हणजे अठ्ठेचाळीस. बोटांवरही कळलं असतं, पण स्वतःला त्यांनी कधी मोजलंच नव्हतं.

“एक जास्तीची सिस्टर लिहून बघ,” भावना आता मराठीत म्हणाली. नववी लिहिली आणि एक सोडून शेकडो चार्ट आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ जणींचा हिशेब आणि नऊ जणींचा चार्ट असे दोन्ही कागद मेट्रन चंद्रप्रभा मॅडमपुढे ठेवले.

“सुभद्रा, बीस साल से तो बन रहा है चार्ट.”

“बन रहा था, मैडम. मेरी छुट्टी खाकर.”

मॅडमनी हिशेबाचा कागद दोनदा वाचला. “तुमने कभी कहा क्यों नहीं?”

सुभद्राबाईंनी नऊ जणींचा कागद पुढे सरकवला. दोन महिन्यांनी सरला नावाची नववी सिस्टर बदली होऊन वॉर्डात आली.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सुभद्राबाई पांढरी साडी नेसून आलमबागच्या बुद्धविहारात गेल्या. त्यांचे यजमान बाबूराव हयात होते तोवर दर रविवारी इथे एकटेच येत. खिडकीजवळची जागा बाबूरावांची, असं कुणीतरी सांगितलं. त्या तिथे बसल्या. वंदना झाली, बायका उठल्या, चपला शोधू लागल्या; सुभद्राबाई बसूनच होत्या. सतरंजी गुंडाळायला आलेल्या, विहाराची देखभाल करणाऱ्या वासंतीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या बसल्या होत्या ती बाजू तेवढी पसरलेलीच ठेवली.