वरणातली गोळी

“दगाभाऊ, ती पहार आधी खाली ठेवा,” मी म्हटलं.

“ताई, दोन दणक्यांत दार उघडून देतो. कडी कच्चीच आहे.”

“कडी कच्ची आहे हे मलाही दिसतंय. आत एक बाई बसलीय, तिचं काय? ठेवा म्हटलं ना!”

दगाभाऊ त्या घराचे शेजारी. आयुष्य लूमवर, कापडाच्या मागांच्या खटखटीत गेलेलं, त्यामुळे कानाने कमी ऐकतात आणि बोलतात गल्लीला ऐकू जाईल असं. त्यांनी पहार भिंतीला टेकवली, पण हात तिच्यावरच ठेवला.

सकाळचे अकरा वाजले होते. कापडगिरण्यांच्या आमच्या शहरात, डिंडोलीतल्या त्या गल्लीतली निम्मी माणसं सोनालीच्या दारात गोळा झाली होती. सोनाली पहाटेपासून आतून कडी लावून बसली होती. तिचा नवरा लखन पलसाण्याच्या डाइंग मिलमधून पाळी अर्धी टाकून आला होता, अंगावरच्या बनियनवर अजून कापडाच्या निळ्या रंगाचे डाग होते. सासू, मालतीबाई, ओट्यावर पदर तोंडाला लावून बसलेली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती आणि रिक्षाच्या सीटवर दोर पडलेला होता.

“हा दोर कशाला रे लखन?”

“मंगलाबेन, हातपाय मारेल ना ती. दवाखान्यापर्यंत तर न्यावी लागेल.”

“दोर घरात ने आणि माळ्यावर टाक. मला परत दिसला तर तुलाच बांधीन.”

मी एका संस्थेत काम करते. कुणाच्या घरी एखाद्याचं मन एकदम ढासळलं, की आम्हाला फोन येतो. मग दोघी जातात, एक शिकलेल्या मॅडम आणि एक त्यातून स्वतः गेलेली बाई. ती दुसरी म्हणजे मी. ओळखपत्रावर ‘साथी कार्यकर्ती’ छापलंय, गल्लीतल्या बायका ‘डोक्याची बाई’ म्हणतात. किती शिकलात, असं कुणी विचारलं तर मी सांगते, तेरा महिने वेडी होते, पास होऊन बाहेर आले. ऐकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मला हे काम मनापासून आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी स्नेहा मॅडम कतारगामला दुसऱ्या घरी अडकल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, “तुम्ही सुरुवात करा, मी तासाभरात पोहोचते. जिवाला धोका वाटला तर वाट बघू नका, लगेच कळवा.”

मी खिडकीशी गेले. आत पंखा बंद होता. सोनाली खाली भिंतीला टेकून बसली होती, सव्वीस-सत्तावीसची पोर, केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. पुढ्यात साड्यांचा गठ्ठा. ती घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायची. हातात तीच छोटी कातर होती.

“सोनाली, मी मंगला. तुझ्याशी बोलायला आलेय. दार उघड असं म्हणणार नाही.”

ती कातर नुसती उघडमीट करत राहिली.

“एक सरळ विचारते. जीव द्यायचं मनात आहे का?”

मागे कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं. लोकांना वाटतं विचारलं की सुचतं. तसं नसतं. कुणी विचारत नाही म्हणूनच माणूस एकटा पडतो.

“नाही,” सोनाली म्हणाली. “मला मरायचं नाही. म्हणून तर इथे बसले.”

“मग ती कातर माझ्याकडे दे. तुझीच आहे, तुलाच परत देईन. हे मागे सगळे घाबरलेत आणि घाबरलेली माणसं मूर्खपणा करतात.”

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग उठून गजातून कातर दिली, मुठीची बाजू माझ्याकडे करून. मी ती पर्समध्ये टाकली.

“मरायचं नाही म्हणून बसलीस, म्हणजे काय?”

“वरणात काहीतरी टाकतात, मावशी. पांढरं. मी बघितलंय. दोन दिवस झाले, मी घरचं काही खाल्लं नाही. पाणीसुद्धा नळाचं पिते.”

“बघा!” लखन माझ्या कानाशी म्हणाला. “हेच. दोन वर्षांपूर्वी पण असंच. टीव्हीमधून लोक बघतात म्हणायची. आजार परत आला, मंगलाबेन, दुसरं काय?”

सगळ्यांनी माना हलवल्या. दगाभाऊंचा हात पुन्हा पहारीवर गेला.

आता बघा, संशय हे आजाराचं लक्षण असतं हे मलाही शिकवलंय, परीक्षासुद्धा घेतली होती. पण वेड्या बाईला दिसतं ते एखाद्या वेळी खरंही असतं, हे कुणी शिकवलं नव्हतं. ते मी घरूनच शिकून आले होते. म्हणून मी सोनालीकडे बघायचं सोडून मालतीबाईंकडे बघितलं. सगळे दाराकडे बघत होते. ही बाई एकटीच स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

मी तिला हाताला धरून घरामागे पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

“काय टाकलं वरणात?”

“कोनी? मी? मी काय जहर टाकसू का मन्ही वहूले?”

“जहर म्हटलं का मी? गोळी म्हणतेय.”

ती एकदम खाली बसली. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. सोनालीने दिवाळीत गोळ्या बंद केल्या होत्या. झोप येते, हात जड होतात, धागा कापताना साडीच कापली जाते, अशी तिची तक्रार. होळीच्या सुमारास तिची झोप उडाली, एकटीच पुटपुटायला लागली. म्हातारीने आधीचा आजार बघितला होता. ती घाबरली. घरात उरलेल्या गोळ्या काढल्या, संपल्यावर मेडिकलवाल्याला जुना कागद दाखवून नव्या आणल्या, आणि रोज रात्री वाटून सुनेच्या वाटीतल्या वरणात घातल्या.

“लखनले बी माहीत नही,” ती म्हणाली. “तिले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन टाक्यात वं माय. पोरगी मन्ही मरी जाती ना!”

“आणि आता ती उपाशी बसलीय आणि सगळी गल्ली तिला वेडी म्हणतेय. तुम्ही ऐकताय ना?”

“ऐकी र्‍हायनू.” ती रडायला लागली. “दोन दिन व्हयनात, मन्हा बी पोटमा दाणा नही.”

मला तिचा रागही आला आणि दयाही आली. मी म्हटलं, “उठा. खिडकीशी चला आणि तिला सांगा.”

“मी? सासू व्हईसन सूनपुढे चूक कबूल करू? सगळी गल्लीमा? तू सांग ना! नही तर असं सांग, गोया नव्हत्या, मीठ व्हतं. आते काय बिघडस?”

“मालतीबाई, मी रोग्याशी खोटं बोलत नाही. भल्यासाठीसुद्धा नाही. आणि तुमच्या वतीनं खरंही सांगणार नाही. ते तुमचं तुम्हीच सांगायचं. नाहीतर ती पहार आहेच, तो दोर आहेच. बांधून नेलेली बाई बरी होऊन परत येईल, पण तुमच्या हातचं पाणी पुन्हा कधी पिणार नाही.”

ती डोळे पुसत उठली. मी गल्लीत परत आले.

“दगाभाऊ! तुमच्याइतका वजनदार माणूस इथे दुसरा नाही. सगळ्यांना घेऊन नाक्यावर जा आणि मी हाक मारेपर्यंत एकालाही आत सोडू नका.”

“पहार नेऊ?”

“न्या बाबा, न्या.”

दार तोडायला आलेला माणूस मोठ्या ऐटीत गल्लीचा पहारेकरी झाला. पाच मिनिटांत दारात आम्ही तिघंच उरलो. मी, लखन आणि मालतीबाई.

म्हातारी खिडकीशी गेली. गज धरले. तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, बोलत नाही आता ही. शेजारच्या खोलीतून लूमची खटखट चालूच होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“सोनाली. वरनमा गोया मी टाक्यात. तुन्ही झोपनी गोयी. होळीपासून. रोज.”

लखन “आई!” म्हणून ओरडला. मी त्याला कोपराने असं ढोसलं की पुढचं बोलणं त्याच्या घशातच राहिलं.

आत साड्यांचा गठ्ठा सरकला. मग सोनाली उठून गजांशी आली.

“पांढरं होतं ते?”

“हां.”

“म्हणजे मला दिसलं ते खरं होतं?”

“खरं व्हतं, बेटा.”

“मला खरंच दिसलं होतं?” तिने आता मला विचारलं. “मावशी, मला वाटलं मी परत वेडी झाले. दोन दिवस मी स्वतःला सांगतेय, सोनाली, तुला खोटं दिसतंय, डोळे खोटं बोलतात तुझे. विषाची भीती होती पण त्याहून जास्त ती भीती होती.”

“डोळे शाबूत आहेत तुझे,” मी म्हटलं. “झोप नाही, ते वेगळं. ते आपण बघू. पण गोळी होती आणि तुला दिसली.”

ती मोठ्याने रडली. दोन दिवसांचं रडणं होतं. म्हातारीने गजातून हात आत घातला, पण सोनालीने तो धरला नाही. म्हातारीने मागेही घेतला नाही, तसाच आत धरून ठेवला.

“तुम्ही घाबरलात तर मला सांगायचं ना, आई,” सोनाली शेवटी म्हणाली. “मी काय ढोर आहे का, पेंडीत औषध घालायला?”

“चुकनं मन्हं,” मालतीबाई म्हणाली.

सोनालीने मला विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“माझ्या चहात होत्या. माझा नवरा निंबा, मी आजारी पडल्यापासून दोन वर्षं रोज सकाळी चहा करून द्यायचा. गल्लीतल्या बायका जळायच्या माझ्यावर. चहा कडू का, म्हटलं की म्हणायचा, आलं जास्त पडलं. आल्यानं चहा कडू होतो का गं कधी?”

ती रडता रडता हसली. मग कडी निघाली.

बाहेर आल्यावर ती कुणाच्या गळ्यात पडली नाही. सिनेमात पडतात. ती मोरीत गेली, तोंड धुतलं, केस बांधले आणि डब्यातून कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ काढून परातीत घेतलं. मालतीबाई मदतीला उठली तर म्हणाली, “तुम्ही बसा. आज मी करते.” मी तिला कातर परत दिली, तिने ती साड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. लखन दारात उभा राहून नुसता बघत होता, त्याला मी कांदा चिरायला बसवलं.

पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशा स्नेहा मॅडम धापा टाकत आल्या, नाक्यावर दगाभाऊंनी त्यांनाही अडवलं होतं. मॅडमनी सोनालीशी अर्धा तास बोलून घेतलं. बुधवारी डॉक्टरांकडे जायचं ठरलं. हात जड होतात हे सोनालीच सांगणार, गोळी बदलता येते का हे तीच विचारणार. झोप लागली नाही तर कुणाला उठवायचं हेही ठरलं. तिची एकच अट होती, गोळ्यांची पाकिटं तिच्या स्वतःच्या डब्यात राहतील. मालतीबाईने तेव्हाच उरलेलं पाकीट आणून सुनेच्या हातात दिलं. सोनालीने ते उजेडात धरून गोळीचं नाव मोठ्याने वाचलं.

मग तिने दोन ताटं वाढली. एक स्वतःसमोर ठेवलं. दुसरं, न बोलता, सासूसमोर सरकवलं. म्हातारीने पहिला घास तोंडात घातला आणि सुनेकडे बघत चावून गिळला. सोनाली खाली मान घालून भराभर जेवत होती. ठेच्याने नाक वाहत होतं, ते हाताच्या पाठीने पुसत होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! अशा दिवसांसाठीच तर हे काम धरलंय मी.

मॅडम पुढच्या घरी गेल्या, जाताना नाक्यावरच्या लोकांनाही त्यांनी घरी पाठवलं. मी निघाले तशी मालतीबाई माझ्यामागे नाक्यापर्यंत आली. पायात चप्पलही घातली नव्हती तिने.

“मंगला, एक इचारू? तुले तुन्हा घरवालानी सांगं का मंग? गोयानं?”

“नाही.”

“कधीच नही?”

“मला माहीत होतं हे त्याला माहीत होतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आता विचारू आणि उद्या सांगू असं करता करता चार वर्षांपूर्वी तो गेला. चांगला होता हो माणूस.”

माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी बाई, पण तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मोठ्या माणसासमोर ओढतात तसा.

“तो तर आते नही शे,” ती म्हणाली. “मंग त्यानी वतीनं मी सांगस. चुकनं आमनं, माय.”

मला सगळ्यांना उत्तर द्यायची सवय आहे, लोक त्यामुळे मला तोंडाळ म्हणतात. त्या वेळी मी नुसती मान हलवली आणि तिला म्हटलं, “जा, पोरगी एकटी जेवतेय.”

ती अनवाणी, उन्हात पाय भाजतात म्हणून भिंतीच्या सावलीने परत गेली. नाक्यावर रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने विचारलं, “बेसवुं छे, बेन?” मी त्याला नाही बसायचं म्हटलं आणि तशीच पुढे चालत राहिले.