अर्धा धवला

निशाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि घरातली माणसं, पोरीला भूक लागली असेल म्हणून, एकेक ताटली पुढे सरकवत होती. आईने भाकरी दिली, काकूने केळं दिलं, आणि वडिलांनी, म्हणजे बुधाजींनी, "हिरोइनीचं काय डायटिंग चाललंय काय?" म्हणून सगळ्यांना हसवलं. निशाही हसली. दोन वर्षं कॅमेऱ्यासमोर काढल्यावर एवढं खोटं हसणं तिला जमत होतं.

संध्याकाळी गावच्या मैदानात 'सत्तर टक्के'चा शेवटचा भाग दाखवायचा होता. बारावीत सत्तर टक्क्यांभोवती घुटमळणाऱ्या पनवेलच्या पोरापोरींची ही मालिका खांदा कॉलनीतल्या राजसने काढली होती. लिहिणारा तो, दिग्दर्शक तो, आणि सगळ्यांवर ओरडणाराही तोच. आधीचे भाग वीस-पंचवीस मिनिटांचे, लोकांनी जेवता जेवता फोनवर बघितलेले. शेवटचा मात्र दीड तासाचा, अगदी सिनेमाएवढा. एवढा सिनेमा फोनवर कोण बघणार? मग हळदीला नाचणाऱ्यांचे चेहरे ज्या भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर दाखवतात, तो पडदा गावच्या मंडळाने मैदानात उभा करून दिला. नायिका गावची ना!

नायिकेची मात्र पाचावर धारण बसली होती.

झालं होतं असं. शेवटच्या भागात समृद्धी नावाच्या मुलीचं लग्न घरचे घाईने ठरवतात, ती मांडवात उभी राहून नाही म्हणते आणि एकटी पुण्याला निघून जाते. समृद्धी निशा, नवरा मुलगा निनाद म्हणजे परेश. परेश जासईचा, निशाच्याच समाजातला, वडिलांचे चार ट्रेलर कंटेनर ओढणारे. मांडव कुठून आणायचा? निशाच्या चुलतभावाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि मांडव अजून सोडलेला नव्हता. राजसला तर आकाश ठेंगणं झालं. "सगळं खरं पाहिजे," तो म्हणाला. "मांडव खरा, हळद खरी, बायका खऱ्या. अ‍ॅक्टिंग दिसता कामा नये."

मग धवलारीणही खरीच पाहिजे. आगरी लग्नात भटजी कितीही मोठा आणा, धवलारीण धवले गायल्याशिवाय जुन्या बायकांच्या लेखी लग्न लागत नाही. ती गाऊन देवांना बोलावते, गावच्या देवीला, शिवेवरच्या देवाला, गेलेल्या वाडवडिलांना, सगळ्यांना मांडवात आणून बसवते, मग नवरा-नवरीचं नाव घेऊन त्यांची गाठ घालते आणि देवांना मानाने परत धाडते. गावची धवलारीण म्हणजे निशाची आत्या, चंद्रावती. आवाज असा, की पहिली ओळ उचलली की ढोलवालासुद्धा काठी खाली ठेवतो.

आत्या आली, पाटावर बसली. राजसने तिला समजावलं, नावं समृद्धी आणि निनाद घ्यायची. आत्याने मान हलवली आणि डोळे मिटून सुरुवात केली. देव आले, देवी आली, पितर आले. मग नावं आली, आणि ती आली निशा आणि परेश अशी, बापांच्या नावांसकट, गावांसकट.

निशाने ऐकलं. मुंडावळ्या बांधून ती समोरच बसली होती, तिला नाही ऐकू येणार तर कुणाला? पण सकाळपासून कुणी ना कुणी मध्येच शिंकत होतं म्हणून राजस चिडला होता, आणि आत्या गात होती ती इतकं सुंदर, की मध्ये तोंड उघडणं तिच्या जिवावर आलं. ती गप्प बसली. गाठ घालायचं कडवं सुरू होणार तेवढ्यात, कॅमेऱ्यात डोकं घातलेला आणि नावांकडे लक्षच नसलेला राजस ओरडला, "कट! एकदम परफेक्ट!" आणि दिवे बंद झाले.

"आवो, आर्धा रायला!" आत्या म्हणाली.

"आपल्याला एवढाच हवा होता, मावशी. पुढे शांतता आहे. त्या शांततेत ती नाही म्हणते."

आत्याला त्या शांततेशी काय देणंघेणं? त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. सारवलेल्या ओट्यावर पाय घसरून गुडघा दुखावला, तेही तिने त्यातच जमा केलं. बोलावलेले देव मांडवात ताटकळत उभे आहेत, मांडव सुटला तरी ते उभेच आहेत, असं ती येईल त्याला सांगायची.

निशाने एकदा धीर करून विचारलं, "पण आत्या, तू आमची नावं कशाला घेतलीस?"

"मग देवाला खोट्या नावानं बोलवू? ही समृद्धी कोनाची? तिचं कूळ कंचं? देवानं इचारलं त मी काय सांगू?"

"मग त्यांना नुसतं परत पाठव ना."

"गाठीसाठी बोलावलेल्या देवाला रिकामा धाडू?" आत्याचा आवाज खाली गेला. "माज्या आयशीनं नाय केलं ते. सगळी पीडा गानारीवर येते, पोरी. हा धवला कवातरी पुरा कराया लागंल."

गावात अशी गोष्ट लपून राहते थोडीच! जासईला पोचायलाही वेळ लागला नाही. परेशचे आईवडील 'सहज' म्हणून मिठाईचा पुडा घेऊन आले. परेशच्या आईने निशाला जवळ बसवून घेतलं, तिच्या हाताची बोटं एकेक करून दाबून बघितली आणि बुधाजींना म्हणाली, "देवानंच नावं घेतली म्हना की. पोर पुन्याला शिकाया जाते त जाव दे. घरच्यांना इचारून जाईल, आमी काय वाघ हाव?" बुधाजी खो खो हसले. चांगलं तालेवार स्थळ आयतंच घरात चालून येत होतं. निशाचं पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं होतं, वसतिगृहात खाट मिळाली होती, पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. पण त्या दिवसापासून वडील बॅगेचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवायचे.

परेश वाईट असता तर बरं झालं असतं. तो सरळ होता, जरा मठ्ठ, फोन करून म्हणाला, "घरचे म्हणतायत तर बघू ना, घाई काय आहे?" त्या 'बघू ना'ने निशाला जास्तच धडकी भरली. असं बघता बघताच तर गावातल्या किती पोरींची लग्नं लागली होती.

तिने राजसला गाणंच काढून टाक म्हणून विनवलं. त्याने कपाळाला हात लावला. "तो सीन काढला तर दीड तास राहतो कशाला? गाणं तुटतं, शांतता पडते आणि तू नाही म्हणतेस. हाच आपला फिनाले आहे, निशा."

त्या शांततेलाच ती भीत होती, हे त्याला कसं सांगायचं? ती शांतता भरायला आत्या पहिल्या रांगेत बसणार होती.

दिवेलागणीला मैदान भरलं. मंडळाच्या पोरांनी कागदाच्या पुड्यांतून चुरमुरे-दाणे वाटले. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर आत्या आणि तिच्यामागे तिची ओळ झेलून पुन्हा गाणाऱ्या चार बायका, पलीकडे परेश आणि त्याच्या घरचे, अलीकडे बुधाजी, आणि मधोमध निशा. कुणी मुद्दाम बसवलं होतं की काय कोण जाणे. सिनेमा सुरू झाला. ओळखीची रिक्षा दिसली की लोक शिट्ट्या मारत, कॉलेजच्या मास्तरावर हसत. पडद्यावर निशा हसली की इथे ती हातातली कागदाची पुडी चुरगाळायची. पळून जावं, असं शंभरदा मनात आलं, पण दोन्ही बाजूंनी गुडघे होते आणि मागे सगळं गाव.

मांडव आला. आत्याचा आवाज भोंग्यांतून मैदानभर पसरला आणि शिट्ट्या थांबल्या. म्हाताऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या. देव आले, देवी आली, पितर आले. मग नावं. "निशा" असं ऐकू येताच बायकांमध्ये कुजबुज झाली आणि परेशच्या आईने डोक्यावर पदर घेतला.

गाणं तुटलं. पडद्यावर शांतता पडली.

आणि त्या शांततेत, सगळ्या गावासमोर, आत्याने पुढची ओळ उचलली.

मोठ्याने नाही. डोळे मिटून, गुडघ्यावर हात ठेवून, ओझं उतरवायला बसलेल्या बाईसारखी ती गाऊ लागली. मागच्या चौघींनी ओळ झेलली. मग त्यांच्या मागच्यांनी. पडद्यावरची निशा उठून उभी राहिली, तिचे ओठ हलले, पण तिचं 'नाही' त्या बायकांच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही. पडद्याकडे बघत होतं कोण? सगळे खाली, खऱ्या निशाकडे बघत होते. कुठूनतरी मूठभर चुरमुरे तिच्या डोक्यावर पडले. मग आणखी एक मूठ. अक्षता नाहीत तर नाहीत, लोकांनी हाताला लागलं ते घेतलं. तिने वडिलांकडे बघितलं, तर ते मान खाली घालून बसले होते आणि हसत नव्हते, थांबवतही नव्हते.

निशा भ्यायली होती. इतकी, की आपण उठलो हे तिला उठल्यावर कळलं. पडद्यावरचं वाक्य तिला पाठ होतं, पण ते समृद्धीचं होतं, ते इथे काय उपयोगाचं? ती आत्यासमोर जमिनीवर बसली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"आत्या, माझं नाव घेऊन बोलावलंस ना त्यांना? मग मीच सांगते." ती म्हणाली. "मला नाय करायचं लग्न. त्यांना म्हणावं, मी नाय म्हणते. माझ्यासाठी आलात, माझंच ऐका, आणि जा."

आत्याचे डोळे उघडले. ओळ तिच्या तोंडात होती, मागच्या बायका झेलायला थांबल्या होत्या. तिने निशाच्या केसांतले चुरमुरे बघितले. गाठीचं कडवं अजून यायचं होतं.

मग ती गुडघा धरून उठली आणि गावाकडे वळली. "पोरगी नाय म्हनते," ती म्हणाली. "धवला मी हितंच ठेवला. कोनी झेलू नका. काय पीडा येयाची ती माज्यावर येऊ दे."

परेशच्या आईने पदर खाली घेतला आणि परेशला "उठ" म्हणाली. तो उठला, जाता जाता निशाकडे बघून त्याने मान हलवली, आणि त्याचा सुटकेचा श्वास तिला स्पष्ट ऐकू आला. बुधाजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, मग पुढे येऊन त्यांनी बहिणीला चप्पल सरकवून दिली. बाकीचा सिनेमा पडद्यावर चालला होता, आणि गाव घोळक्या-घोळक्याने घरी चाललं होतं.

निशाने आत्याला हात धरून घरी नेलं. आता तिला वेगळीच भीती वाटत होती, आत्यासाठीची. शिवेवरच्या देवळाच्या बाजूने जाताना आत्याने मानही वर केली नाही. दारात पोचल्यावर ती थांबली.

"त्या पोरीचं पुडं काय झालं गं? पडद्यावरच्या?"

तेव्हा निशाच्या लक्षात आलं, की ज्याच्यासाठी दोन वर्षं घासली तो शेवट गावात कुणीच बघितला नव्हता.

"बॅग घेते नि एसटीत बसते."

"एकलीच?"

"एकटीच."

"आनि भीत नाय?"

"भिते ना. भीतभीतच बसते."

आत्याने मान हलवली आणि देव्हाऱ्यासमोर बसली. दिवा लावायला काडी ओढली, ती विझली. दुसरीही विझली. मग निशाने तिच्या हाताखाली हात धरला आणि दोघींनी मिळून तिसरी ओढली.