इंजिनातलं पाणी

रमाकांत गाडीखाली सरकले आणि रेडिएटरची खालची तोटी फिरवली. परातीत गंजलेलं, विटकरी पाणी पडू लागलं.

व्हरांड्याच्या पायरीवर बसून जुई बघत होती. तिचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला ती लखनौला माहेरी आली होती, आणि माहेरी आई नव्हती.

“बाबा, कितना भी कर लो, मैं उस गाड़ी में नहीं बैठूँगी. रिक्शा मिल जाता है.”

“कळा सुरू झाल्यावर इंदिरा नगरातून रिक्षा शोधू? आणि त्या खड्ड्यांतून नेऊ तुला?”

“मम्मी को तो गाड़ी में ही ले गए थे न.”

गेल्या जूनमध्ये, बायकोला, हेमाला, घेऊन दवाखान्यात जाताना, चारबागच्या गर्दीत गाडी उकळून बंद पडली होती. तेव्हापासून ती फाटकाच्या आत तशीच उभी होती.

पायरीपाशी इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा एक डबा होता. जावयाकडे, अभिरामकडे, एसटीडी बूथवरून ओरडून मागितलेली ही एकच वस्तू. अमेरिकेहून तो घेऊन आला होता. पाण्याऐवजी इंजिनात हे घालायचं. यात पाणी नसतंच, त्यामुळे उकळायची भीती नाही. मात्र आधी इंजिन कोरडं ठणठणीत करायचं. आत पाणी राहिलं तर सगळं फुकट.

रमाकांतांनी नळ्या काढल्या, सायकलच्या पंपाने वारा मारला. मग उठून बॉनेटखाली वाकले. इंजिनाच्या अंगाला एक नट होता. तो सोडला की आतलं उरलेलं पाणी येणार. त्यांनी खाली परात लावली, नटाला पाना लावला आणि तसेच थांबले.

“अब क्या हुआ?”

“इथलं राहू दे. थोडंच आहे.”

“थोडा भी नहीं चलेगा. आपने ही तो पढ़के सुनाया था.”

“तुझ्या आईचं पाणी आहे ते.”

“मतलब?”

“गाडी उकळली तेव्हा जवळपास नळ नव्हता. तिच्या मांडीवर प्यायची बाटली होती. म्हणाली, अहो, आधी माझ्या सवतीला पाजा. ती चालली तर मी पोचेन.” रमाकांत पान्याकडे बघत बोलत होते. “मी सगळी बाटली रेडिएटरमध्ये ओतली. दवाखान्यात पोचलो, तर ऑपरेशन म्हणून पाणी बंद. मागत होती. नंतर गंगाजळ घातलं मी, पण ते गालावरून ओघळलं.”

जुईने परातीकडे पाहिलं.

“हे काढलं तर तिचं काहीच राहत नाही. ठेवलं तर तुला कशातून नेऊ? सांग ना, काय करू मी?”

पाना नटावर वाजत होता.

सत्यनारायणाला हेमा स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी घाईघाईने यायची आणि दोन बोटं त्यांच्या मनगटाला लावायची. मगच ते ताम्हनात पाणी सोडायचे. ती गेल्यानंतरच्या उदकशांतीला गुरुजी सवयीने म्हणून गेले, “वहिनी, हाताला हात लावा.” खोलीत कुणी हललं नाही. रमाकांत भरली पळी हातात धरून बसून राहिले होते. जुई तेव्हा त्यांच्या मागेच बसली होती.

आता ती पायरीवरून उठली. कमरेवर हात ठेवून, सावकाश पावलं टाकत गाडीपर्यंत आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि तिने दोन बोटं त्यांच्या मनगटाला लावली.

“सोडा, बाबा,” ती मराठीत म्हणाली.

नट करकरला. पाणी आधी ठिबकलं, मग त्याची धार लागली. दोघं बघत राहिली. धार बारीक झाली, तुटली. एक थेंब मात्र भोकाच्या कडेला लोंबत राहिला.

रमाकांतांनी पंपाकडे हात नेला.

“थांबा,” जुई म्हणाली. “पडेल त्याचा तो.”

तिची बोटं अजून त्यांच्या मनगटावर होती.