पोईचं भांडं झाकेपर्यंत

उत्तराबाईंना पोई कधीच आवडली नव्हती. अळूचे कंद उकडून, कुटून केलेली ती जांभळट, आंबूस खळ बेटावरच्या या हिलो गावात चौदा वर्षं काढूनही त्यांच्या घशाखाली सुखानं उतरली नाही. आज मात्र त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतली.

"आई, तू आणि पोई? बरी आहेस ना?" आसावरीनं हसून विचारलं.

"विमानात काय मेलं खायला मिळतं? भूक लागलीय."

खरं कारण भुकेचं नव्हतंच. अळूला इथे कालो म्हणतात आणि कालो हा या लोकांचा थोरला भाऊ, सगळ्या कुळाच्या आधी जन्मलेला. म्हणून पोईचं भांडं पानावर उघडं असेपर्यंत कुणी कुणाला वाकडा शब्द बोलायचा नाही, अशी रीत. उत्तराबाई जेवत होत्या तोवर भांडं उघडं राहणार होतं. समोर बसलेली नलानी सकाळपासून आसावरीशी धड बोलली नव्हती. तिच्या ओठांवर काय अडकून बसलंय, ते उत्तराबाईंना पक्कं ठाऊक होतं.

नलानीची आई मोमी गेली त्याला आज वर्ष झालं होतं. आपल्याकडे वर्षश्राद्ध, तसं इथे अश्रूंचं जेवण.

ही मोमी म्हणजे उत्तराबाईंची जुनी शेजारीण. उत्तराबाईंचे यजमान डॉक्टर गुरुदत्त हिलोच्या दवाखान्यात होते तेव्हाची. मोमीच्या लानाईवर, म्हणजे पुढच्या पडवीत, दोघी अळूची पानं निवडत बसायच्या. मोमी त्यांत मांस गुंडाळून लाउलाउ बांधायची, उत्तराबाई चिंच-गूळ घालून फदफदं करायच्या. "ओनो, ओनो!" म्हणत मोमी वाटी चाटूनपुसून साफ करायची. तिला पाच मुलं, यांची कूस रिकामी. सहावी झाली तेव्हा दोन महिन्यांची पोर मोमीनं आपणहून उत्तराबाईंच्या मांडीवर ठेवली. "ही तुझी हानाई," एवढंच म्हणाली.

उत्तराबाई समजल्या, दत्तक. आपल्याकडे दत्तक दिलेल्याचं गोत्र बदलतं, जन्मघर सुटतं. हानाईत काहीच सुटत नाही. लेकराला एकाची दोन घरं होतात. हे त्यांना कळलं नाही असं नाही, पण उशिरा कळलं, आणि तोवर ते सोयीचं राहिलं नव्हतं. आसावरी चार वर्षांची असताना बिऱ्हाड सिॲटलजवळच्या बॉथेलला हललं. "दर उन्हाळ्यात माझ्या कैकीला, माझ्या लेकराला, पाठव," मोमी म्हणाली होती. पहिल्या उन्हाळ्यात पोरीचा कान फुटला, दुसऱ्या उन्हाळ्यात पोहण्याचा क्लास निघाला. पुढे कारणं शोधायचीही गरज उरली नाही.

आणि गेल्या वर्षी घरच्या फोनवर नलानी बोलली. "आई फार दिवस काढणार नाही. तिला आसावरीला बघायचंय. सांगाल?"

"सांगते," उत्तराबाई म्हणाल्या होत्या.

"पाउ?" नलानीनं आता विचारलं. झालं का?

उत्तराबाईंनी घास तोंडात घेतला, पण तो फिरायला लागला. त्या पाणी प्यायल्या. नलानीनं क्षणभर वाट पाहिली, मग लाकडी झाकण उचलून भांड्यावर ठेवलं.

"अकरा दिवस," ती आसावरीकडे वळून म्हणाली. "बाहेर गाडी वाजली की आई मान उचलायची. तिला वाटायचं तूच आलीस. शेवटी मान उचलवेना, तर नुसते डोळे दाराकडे. आम्ही तुला कळवलं होतं. एकदा यायला काय झालं होतं तुला?"

आसावरी गोंधळून बघत राहिली. "मला? मला तर ती गेल्यावर कळलं. अचानक गेली ना ती?"

उत्तराबाईंना गप्प बसता आलं असतं. फोन लागलाच नाही, निरोप चुकला, असं काहीही म्हणता आलं असतं. पण नलानी पोरीकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती त्यांच्यानं बघवेना.

"फोन मला आला होता," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"ती होती तेव्हा."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू गेलीस तर परत यायची नाहीस, असं वाटलं गं."

नलानीनं तोंडावर हात ठेवला. मग उठून ती आसावरीच्या मागे उभी राहिली आणि तिचे खांदे धरले. उत्तराबाईंना कुणी उठा म्हणालं नाही. उलट नलानीच्या मोठ्या जावेनं त्यांच्या पानात लाउलाउ वाढलं, गरम आहे, जपून, असंही सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं आसावरी पडवीत जाऊन विमान कंपनीशी फोनवर बोलू लागली. जाळीच्या दारातून सगळं ऐकू येत होतं. तिनं स्वतःचं परतीचं तिकीट कॅन्सल केलं. दुसरं तसंच ठेवा, म्हणाली. त्या बाईंचे गुडघे दुखतात, सिॲटलला व्हीलचेअर लागेल, पायऱ्या चढवू नका. मग पलीकडून, त्या तुमच्या कोण, असं विचारलं असावं. ती थांबली.

या बेटावर कुठल्याही वयस्कर बाईला मानानं आंटी म्हणतात. भाजीवालीला, बसमधल्या अनोळखी बाईला, कुणालाही.

"आंटी," आसावरी म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता.